माजघरातली उलटी लादी

आमच्या घरात ओटीपासून माजघरातून न्हाणीपर्यंत लाद्यांची एक पट्टी उलटी बसवलेली आहे. चकचकीत तोंड जमिनीत, खरबरीत पाठ वर. नवा माणूस घरात आला की आधी त्या पट्टीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि मग गवंड्याची कीव करतो. ती करू नये. गवंडी शुद्धीत होता, मीही शुद्धीत होते, आणि ते काम मी कमरेवर हात ठेवून, समोर उभी राहून करून घेतलेलं आहे. घरातलं सगळ्यात चोख काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी तेवढ्याच पट्टीकडे बोट दाखवीन.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. रत्नागिरीपासून थोडं आत आमचं गाव, आणि गावातल्या निम्म्या घरांसारखं आमचंही घर बायकांनीच चालवलेलं. नवरा मुंबईला गोदीत. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, रजा मिळाली तर मे महिन्यात आंब्याला यायचा. एरवी घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझी सासू. आत्याबाईंना दिसत नव्हतं. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. त्यामुळे त्यांनी मला कधी पाहिलेलंच नव्हतं, आणि आमचं भांडण रंगात आलं की त्या हे हमखास ऐकवायच्या. म्हणायच्या, बघितली असती तर करूनच आणली नसती. मीही कमी नव्हते. मी म्हणायचे, म्हणून तर देवाने माझ्यासाठी हे घर राखून ठेवलं.

पण डोळे गेले म्हणून आत्याबाई कुणाच्या आधाराने जगत होत्या असं समजू नका. घर त्यांच्या तळपायांना पाठ होतं. ओटीवर चोपण्याने चोपून घट्ट केलेली जमीन, ती पायाला थंड आणि कडक. माजघरात जातं असलेल्या कोपऱ्याकडे जमिनीला थोडा उतार. स्वयंपाकघरात चुलीपाशी सारवणाचे जाड पापुद्रे. मागच्या पडवीत जांभ्याचे चिरे, ते पायाला टोचणारे, आणि पडवीच्या अलीकडे न्हाणीचा काळा दगड. पायाखाली काय लागतं त्यावरून त्यांना कळायचं आपण कुठे आहोत. तांदूळ निवडायच्या, कोकमं फोडायच्या, कोंबड्या कोंडायच्या, आणि मी दुधाचं भांडं उघडं टाकलं तर वासावरून ओळखून माझा उद्धार करायच्या.

आता लादीचं. मला लादी हवी होती, हे मी आधीच सांगून टाकते. शेणाने सारवलेल्या जमिनीचं कौतुक करणारी माणसं मी खूप पाहिली. त्यातल्या एकाही माणसाचा हात शेणात बुडालेला मी पाहिला नाही. दर आठवड्याला गुडघ्यांवर बसून घरभर सारवायचं, पावसात ते वाळत नाही, वाळलं की पोपडे निघतात, पोपडे निघाले की पुन्हा सारवायचं. रत्नागिरीच्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा पांढऱ्या चिनी मातीच्या लाद्या बघितल्या. बाईने ओलं फडकं फिरवलं आणि रक्ताचा डाग गेला की हो. मी तिथे ताप घेऊन बसले होते, पण माझं सगळं लक्ष त्या फडक्यात. नवरा शिमग्याला आला तेव्हा मी त्याला सांगून ठेवलं, सोनं नको, लुगडं नको, लादी आण.

पुढच्या शिमग्याला त्याने खरंच आणली. एका जुन्या इमारतीसाठी मागवलेला माल शिल्लक राहिला होता, तो कुणाच्या तरी ओळखीने त्याला मिळाला. लाकडी खोकी, आत पेंढ्यात बसवलेल्या लाद्या. पेंढा म्हशीने खाल्ला आणि लाद्या आम्ही ओटीवर रचल्या. पांढऱ्या, त्यावर फिकट निळी झाक. तोंड बघावं तर आरशासारखं गुळगुळीत, आणि पाठीवर एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलेल्या उंच रेघा, सिमेंटने घट्ट धरावं म्हणून. शेजारणी येऊन बघून गेल्या. एकीने विचारलं, यावर चालायचं की जेवायचं. नवऱ्याने गवंड्याला काम नेमून दिलं आणि तो मुंबईला परत गेला.

गवंडी आमच्याच गावचा. हात चांगला, पण घाई फार. पहिल्याच दिवशी तो कोरडी लादी उचलून बसवायला लागला. मी त्याला थांबवलं. माझा भाऊ चिपळूणला असल्याच कामावर जायचा, त्याच्याकडून मी सगळं विचारून आले होते. लादीचं तोंड पाणी पीत नाही, पण पाठ तहानलेली असते. तिला आधी पाण्यात बुडवून ठेवायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. नाहीतर ती सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते आणि सिमेंट पोटातच मरतं. गवंडी कुरकुरला, पण लाद्या म्हशीच्या डोणीत बुडल्या. मग त्याने सुतळी ताणली, पातळी बघायला पाणसळ ठेवली, आणि थापीच्या दांड्याने ठोकत ठोकत एकेक लादी बसवायला लागला.

त्याच्या मागून मी बोटाच्या पेराने प्रत्येक लादी वाजवत जायचे. फणस वाजवतात तशी. फणस कापायला झाला की त्याचा आवाज बदलतो, तो कान आम्हा बायकांना जन्मजात असतो. भरीव लादी टणक बोलते, खाली पोकळी राहिली की बोदा आवाज देते. बोदी लागली की मी म्हणायचे, काढ. तो म्हणायचा, वयनी, राहूदे, वरून काय दिसतं. मी म्हणायचे, वरून दिसायला मला नवरी नाही बघायची, काढ. त्याने काढल्या. दहा जणांना सांगितलंही असेल की या घरची सून डोक्यावर बसते. सांगू दे.

काम चालू होतं तोवर आत्याबाईंची खाट मागच्या पडवीत हलवली होती. सिमेंटचं काम म्हणजे पी हळद नि हो गोरी नव्हे. पाणी मारत राहिलो, कुणाला पाय ठेवू दिला नाही. शेवटी सांधे भरून झाले, पुसून झालं, आणि घर असं लखलखलं की कौलातून आलेला कवडसा भिंतीपर्यंत उडाला. मी तिथेच मटकन बसले आणि लादीवर गाल टेकला. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा रडू आलं.

मग मी आत्याबाईंना आणायला गेले. त्यांनी माझा हात झिडकारला, नेहमीसारखा, आणि पडवीतून आपल्या आपण चालत आल्या. उंबरा ओलांडला. एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि उभ्या राहिल्या. पायाची बोटं लादीवर पुढेमागे फिरवली. एका बाजूला चाचपलं, दुसऱ्या बाजूला चाचपलं. सगळीकडे तेच. ओटी तशीच, माजघर तसंच, न्हाणीच्या दारापर्यंत तीच थंडगार गुळगुळीत लादी.

"हे कुणाचं घर गो?" त्यांनी विचारलं.

मी हसले. मला वाटलं, कौतुकाने म्हणतायत.

त्या दिवसापासून आत्याबाई चालायच्या थांबल्या. खाट पुन्हा माजघरात आली आणि त्या खाटेवर बसून राहिल्या. निवडायचं सूप तिथेच आणून द्यायचं, जेवण तिथेच. न्हाणीत जायचं तर मी हात धरून न्यायचे. एकदा त्या भिंतीला धरून एकट्या निघाल्या आणि पोहोचल्या थेट ओटीच्या पायरीवर. पुढचं पाऊल हवेत पडायचं ते मी धावले म्हणून वाचलं. मी म्हटलं, होईल सवय. ज्या बाईने मला दिवसभर बोलून बोलून जगवलं होतं, ती बोलत नव्हती, हेच मला आधी खटकायला हवं होतं.

खटकलं ते तांब्यामुळे. रोज सकाळी मी त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे आणि दुपारी तो पुन्हा भरावा लागायचा. आता संध्याकाळी उचलावा तर तो तसाच जड. चहा दिला तर म्हणायच्या, पित्त होतं. आंबील दिली तर दोन घोट घेऊन बाजूला. चैत्रातलं ऊन, बाहेर जांभा तापून भट्टी झालेला, आणि ह्या बाईचे ओठ फुटलेले. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. म्हटलं, प्या, नाहीतर मी उठणार नाही.

"प्यायलं की जावं लागतं," त्या म्हणाल्या. "आणि जावं लागलं की तुला हाक मारावी लागते. हाका मारत म्हातारपण काढायचं नाय मला. त्यापेक्षा तहान बरी."

मला असा राग आला म्हणता! त्यांचा आला, गवंड्याचा आला, त्या दवाखान्यातल्या फडक्याचासुद्धा आला. एवढ्या हौसेने घातलेली जमीन आणि तिच्यावर ही बाई तहानेने वाळून चाललेली. डोळे गेले तेव्हा जी कुणासमोर वाकली नाही, तिला माझ्या लादीने खाटेला बांधलं होतं. पण लादी काढून पुन्हा सारवायला बसेन, तर मी माझ्या बापाची नव्हे. मला लादीही हवी होती आणि आत्याबाईही चालायला हव्या होत्या. दोन्हीपैकी एक निवडा, असं मला कुणी सांगायला आलं असतं तर त्याचीच बोळवण केली असती.

आधी मी खाटेपासून न्हाणीपर्यंत दोरी बांधली, धरून चालायला. आत्याबाई म्हणाल्या, मी काय म्हस हाय, दाव्याला बांधायला. मग मी गोणपाटं अंथरली. पहिलंच गोणपाट पायाखालून असं सटकलं की मी स्वतःच आपटले. मग ती गोणपाटं गुंडाळून ठेवली आणि हात धरून न्यायचं तेवढं चालू राहिलं.

काम झाल्यावर उरलेल्या लाद्यांपैकी एक मी न्हाणीत उलटी टाकून ठेवली होती. टाच घासायला. पाठीवरच्या रेघांवर टाच काय सुरेख निघते, वजरीच्या तोंडात मारेल अशी. एके सकाळी मी आत्याबाईंना धरून न्हाणीत नेलं आणि त्यांचा पाय चुकून त्या लादीवर पडला. त्या थांबल्या. पाय उचलला, पुन्हा ठेवला. तळवा रेघांवरून आडवा ओढला, मग उभा ओढला. आणि इतके दिवस माझं मनगट घट्ट धरून ठेवलेला हात त्यांनी सोडला.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तीच लादी, फक्त पालथी.

"ही कळते," त्या म्हणाल्या.

संपलं. माझं ठरलं. त्याच दिवशी मी गवंड्याला बोलावून सांगितलं की खाटेपासून न्हाणीपर्यंत आणि खाटेपासून ओटीच्या बाकापर्यंत, दोन लाद्यांच्या रुंदीची पट्टी उखडायची आणि तिथे उरलेल्या लाद्या पालथ्या बसवायच्या. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने जे सांगितलं ते मात्र बरोबर होतं. काचेवर सिमेंट धरत नाही. लादीचं तोंड म्हणजे भट्टीत वितळून बसलेली काचच, ती पाणी घेत नाही तशी सिमेंटही घेत नाही. माझा विश्वास बसावा म्हणून त्याने पडवीत दोन पालथ्या लाद्या बसवून दाखवल्या. सिमेंट वाळल्यावर त्याने त्या नुसत्या नखाने उचलल्या, भाकरी तव्यावरून उचलावी तशा. खाली सिमेंटवर लादीच्या तोंडाचा गुळगुळीत ठसा. गवंडी इतका खूश झाला होता की त्याला चहाही मीच करून दिला.

उपाय आला तो आपल्या पायांनी दारात आला. पाट्या-जात्यांना टाकी लावून देणारी एक बाई दरवर्षी पावसाच्या आधी गावात फिरायची. देशावरची, खांद्याला पिशवी, पिशवीत छिन्नी आणि हातोडी. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती घसरते. मग ही बाई छिन्नीने त्यावर बारीक बारीक टाके पाडून द्यायची. 'पाट्याला टाकीऽऽ' अशी तिची हाक पाणंदीतून आली आणि मी हातातलं पीठ तसंच टाकून बाहेर पळाले.

मी तिच्यापुढे पाटा ठेवला नाही, लादी ठेवली. म्हटलं, हिच्या तोंडावर टाके पाड. तिने लादी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली की बाई, देवीचे वण उठवल्यासारखं होईल, चांगल्या मुखड्याची माती का करतेस. मी म्हटलं, मुखडा जमिनीत जायचा आहे, तू पाड. पहिली लादी फुटली. दुसरी फुटली. ती म्हणाली, बोल मला लावायचा नाही. मग मी परातीत ओली वाळू पसरली आणि लादी तिच्यावर बसवली, म्हणजे खालून सगळीकडून आधार. मग मात्र जमलं. छिन्नीचा हलका ठोका, काचेचा टवका उडायचा आणि खालची माती दिसायची. गवंडी येऊन बघून गेला, बोटाने टाके चाचपले, आणि मान हलवून घमेलं आणायला गेला. तहानलेली माती उघडी पडली होती, आता सिमेंटला धरायला जागा होती.

बसवायच्या दिवशी आत्याबाई खाटेवरून उतरल्या आणि गवंड्याच्या शेजारी जमिनीवर येऊन बसल्या. प्रत्येक लादी ठेवली की हात फिरवायच्या. मधेच त्यांनी त्याला थांबवलं. न्हाणीकडे जाणाऱ्या लाद्यांच्या रेघा आडव्या ठेव, म्हणाल्या, आणि ओटीकडे जाणाऱ्यांच्या उभ्या. म्हणजे पाय टाकला की कुठे चाललो ते कळेल. हे मला सुचलं नव्हतं, मी मोकळेपणाने सांगते. दुपारपर्यंत त्या गवंड्यावर माझ्यापेक्षा जास्त ओरडत होत्या, आणि तो बिचारा दोघींच्या मधे बसून होय आत्ये, होय वयनी करत होता. मी मागून प्रत्येक लादी वाजवली. एकही बोदी निघाली नाही.

सिमेंट पिकलं तसं आत्याबाईंचं राज्य पुन्हा सुरू झालं. पहिल्या दिवशी त्या न्हाणीपर्यंत चार खेपा करून आल्या, काही काम नसताना. तांब्या दुपारीच रिकामा व्हायला लागला. मी मिठात हात जड केला की पुन्हा ऐकून घ्यायला लागलं. पट्टीचं म्हणाल तर उघडी माती ती, जे सांडेल ते पिणारच. हळद प्यायली, चहा प्यायला, तेल प्यायलं. पावसाळा संपेपर्यंत तिचा रंग दुधाच्या चहासारखा झाला. मी नारळाच्या सोडणाने घासायचे, जायचं तेवढं जायचं.

गणपतीला नवरा आला. मे महिन्यात त्याला रजा मिळाली नव्हती, त्यामुळे घालून झालेली लादी तो पहिल्यांदाच बघत होता. मी त्याला पट्टीचं काही कळवलं नव्हतं. कळवायचं काय त्यात? ओटीवर पाऊल ठेवताच त्याचा चेहरा असा उजळला की मला बघत राहावंसं वाटलं. मग त्याची नजर माजघरात गेली. पांढऱ्याशुभ्र जमिनीत मधोमध मळकी, रेघारेघांची वाट. त्याने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, हे कुठल्या गाढवाचं काम. मी म्हटलं, माझं.

तो चिडला. त्याची चूक नव्हती. गोदीत राबून, एका खोलीत दहा जणांत झोपून त्याने ती लादी जमवली होती. आरतीला वाडीतली सगळी माणसं येणार, मुंबईहून आलेले चाकरमानी येणार, आणि घरात शिरताच हे असलं दिसणार. गवंड्याला आत्ताच्या आत्ता बोलावतो, म्हणाला, गणपती बसायच्या आत सरळ करून घेतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात खाटेवरून आत्याबाईंनी मला गप्प केलं आणि पाणी मागितलं.

मी पेला भरला. त्या म्हणाल्या, तांब्या दे. दोन्ही हातांनी तांब्या धरून त्या घटाघटा पाणी प्यायल्या, गळ्यावर ओघळलं तरी थांबल्या नाहीत. रिकामा तांब्या पालथा करून त्यांनी लेकाला दाखवला. मग त्याच्याशी वाडीतल्या, भाताच्या, म्हशीच्या गोष्टी बोलत बसल्या. तोही बोलत होता, पण घुश्शातच. थोड्या वेळाने त्या उठल्या. तो सवयीने हात द्यायला पुढे झाला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला, पदर खोचला आणि पट्टीवर पाय ठेवला. भिंतीला हातसुद्धा न लावता त्या मळक्या वाटेने सरळ न्हाणीत गेल्या, आणि आतून दार लावून घेतलं. परत आल्या तशाच, ताठ. खाटेवर बसल्या, ओले पाय एकमेकांवर घासले.

"तुझ्या चकचकीत लादीपायी मी पाणी सोडलं होतं पोरा," त्या म्हणाल्या. "प्यायचंच सोडलं होतं. बायकोला विचार."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, तांब्यापासून टाक्यांपर्यंत. तो ऐकत होता आणि पायाचा अंगठा पट्टीच्या रेघांवरून पुढेमागे फिरवत होता. गवंड्याला बोलवायला तो गेला नाही.

संध्याकाळी आरतीला घर भरलं. लादीचं कौतुक झालं, आणि व्हायचं तेच झालं. नवऱ्याचाच एक गोदीतला सोबती पट्टीवर उभा राहिला, खाली वाकून बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणाला, अरे, ही लादी उलटी कशी?

नवऱ्याच्या हातात निरांजन होतं. तो वातीकडेच बघत होता.

"आमच्याकडे अशीच घालतात," तो म्हणाला.